भिंतीवरची भाकरी

पूनम बंडगरच्या रागाला बोळातली सगळी माणसं टरकून असतात. नळाचं पाणी सोडणारा असो की पार्सल देणारा, तिच्या दारात आला की त्याचा आवाज आपोआप खाली येतो. सात रस्त्यावरच्या चादरी-टॉवेलच्या दुकानात ती काउंटरला असते. तिथं दिवसभर गोड बोलते, कारण पगार गोड बोलण्याचाच मिळतो. घरी आली की उरलेलं सगळं बाहेर पडतं. लोक म्हणतात, नवऱ्याला सोडून आलेली बाई, स्वभावच तसा. स्वभाव कसला आलाय! राग यायला कारण लागतं, आणि पूनमला ती कारणं घरपोच मिळत होती.

त्या कारणांत तिचा धाकटा भाऊ बिरुदेव नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. अठ्ठावीस वर्षांचा, दारातून येताना वाकावं लागेल एवढा उंच, आणि दिवसाकाठी चार शब्द बोलला तरी खूप झालं. गावात कुणी त्याला खुळा म्हणायचं, कुणी मुका. सोलापुरात आणून दाखवल्यावर डॉक्टर ऑटिझम म्हणाले, शिकण्याची गतीही कमी आहे म्हणाले. आण्णांनी, म्हणजे या दोघांच्या वडिलांनी, तो शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवून पाहिला आणि सोडून दिला. आण्णा सांगोल्याकडच्या माळावर मेंढरं राखणारे धनगर. बिरूला सगळं जागच्या जागी लागतं, एवढं त्यांना शब्दावाचून ठाऊक होतं. ताट त्याच कोपऱ्यात, भाकरी अख्खी, पंखा हळू. आणि एकदा सांगितलेली गोष्ट तशीच घडली पाहिजे. उद्या बाजारला जाऊ म्हणालात तर उद्या जायचंच. तुम्ही-आम्ही शब्द बोलतो आणि विसरतो. बिरू शब्द ठेवून घेतो.

केसांचं तर मुद्दाम सांगायला हवं. बिरूच्या डोक्याला परक्याचा हात चालत नाही. न्हाव्याच्या दुकानात त्यानं एकदा आरसा फोडला होता. तेव्हापासून आण्णाच मेंढरांच्या कातरीनं त्याचे केस कापायचे. अंगणात घोंगडं टाकायचं, बिरूनं मांडीवर डोकं ठेवायचं, आणि कातरीचा कचकच आवाज ऐकत तो झोपूनसुद्धा जायचा. वस्तरा त्याच्या डोक्याला तोवर एकदाच लागला होता, दोन वर्षांपूर्वी, आई गेली तेव्हा. कस्तुराबाई सकाळी चूल पेटवता पेटवता गेली. ओढ्याकाठी न्हावी बसला, रीतीप्रमाणे थोरल्या-धाकट्यांची डोकी झाली, आणि बिरूची पाळी आल्यावर तो ओरडायला लागला. आण्णांनी त्याचे दोन्ही हात हातात धरले आणि सांगितलं, "आई गेली, बिरू. माणूस गेलं की केस काढायचं. आता आई परत येत न्हाय."

बिरू गप्प झाला. डोकं पुढं केलं. दहाव्याला भाकरीचा नैवेद्य ठेवून, हात जोडून, मागं न बघता कसं यायचं तेही त्याला आण्णांनीच दाखवलं. आईची लुगडी, अंथरूण गेलं ते त्यानं पाहिलं. त्यानंतर त्यानं आईचं नाव एकदाही काढलं नाही. भावकी म्हणाली, बरं झालं, पोराला समजलं. समजलं होतंच.

आण्णांना मेंढरांमागं महिनोन् महिने रानोमाळ हिंडावं लागतं, आणि घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं. म्हणून पूनमनं भावाला आपल्याकडं आणलं. आण्णा दर शनिवारी दुपारच्या एसटीनं यायचे. बिरू जेवण झालं की उंबऱ्यावर बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आण्णा येतो." रोज संध्याकाळी आण्णांचा फोन यायचा. बोलणं काही नाही, आण्णा फोन मेंढरांकडं धरायचे आणि बिरू गळ्यातल्या घंटा ऐकत बसायचा. एवढ्यावर त्याचा आठवडा सरळ जायचा.

प्रश्न दिवसाचा होता. पूनम दुकानात, मग बिरूजवळ कोण? तिनं एका होमकेअर केंद्राकडून माणूस लावला. केंद्राचं नाव सांगून काय करायचं, पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'घरच्यासारखी काळजी'. घरच्यासारखी! घरचं माणूस काय दर पंधरवड्याला बदलतं? एक यायचा, बिरूची ओळख होईतो दुसऱ्या घरी पळवला जायचा. दुसरा यायचा, दिवसभर मोबाइलमध्ये तोंड घालून बसायचा. तिसऱ्यानं बिरूच्या ताटाची जागा बदलली, आणि बिरू उपाशी राहिला तेव्हा 'पेशंट हट्टी आहे' असं वर कळवलं. पूनम प्रत्येकाला पहिल्या दिवशी सगळं समजावून सांगायची: भाकरी मोडायची नाही, शनिवारी दार उघडं ठेवायचं, डोक्याला हात लावायचा नाही. प्रत्येक जण मान डोलवायचा. म्हाताऱ्यांच्या अंगाला पावडर लावण्यापलीकडं त्यांना कुणी काही शिकवलेलंच नव्हतं. बिरूसारख्या माणसाजवळ बसायचं म्हणजे काय करायचं, हे खुद्द केंद्रालाच ठाऊक नव्हतं.

एप्रिलात शरणबसव नावाचा तरणा माणूस आला. अक्कलकोटकडचा, हसतमुख, वाईट मुळीच नाही. उन्हाळा सोलापूरचा, सांगायला नको. केंद्राच्या साहेबांनी सगळ्या माणसांना सांगितलं की पेशंटचे केस काढून टाका, आंघोळीला सोपं, उवांची कटकट नाही. कुणाच्या घरच्यांना विचारा, असं काही सांगितलं नाही. पेशंटला विचारायचं तर कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नसेल. शरणबसवनं कोपऱ्यावरचा न्हावी घरी आणला, रिक्षावाल्याला मदतीला घेतलं, आणि तिघांनी बिरूला खाली दाबून धरून त्याच्या डोक्याचा गोटा केला.

पूनम संध्याकाळी आली तेव्हा बिरू मोरीशेजारच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसला होता. डोक्यावर कापल्याच्या दोन रेघा. दंडावर बोटांचे वळ. शरणबसव कौतुकानं म्हणाला की मॅडम, आता कसं थंड वाटंल बघा. पूनमनं त्याला जे सुनावलं ते चार घरं पलीकडं ऐकू गेलं. आवाज ऐकून शेजारची गुरम्मा धावत आली, बिरूचं डोकं पाहून तिनं तोंडावर हात ठेवला आणि कन्नडमध्ये विचारलं, "यारु होदरु?" कोण गेलं?

तो प्रश्न पूनमच्या काळजात बसला. बाप जिवंत असताना पोराचं डोकं भादरलेलं! दुकानातले नवे टॉवेल झटकताना, ग्राहकाला हसून दाखवताना तिच्या डोळ्यांसमोर तेच यायचं. आण्णांनी पाहिलं तर काय वाटेल त्यांना? म्हाताऱ्या माणसानं आपल्याच मरणाची खूण पोराच्या डोक्यावर बघायची? मग तिनं तिच्या दृष्टीनं शहाणपणाचं काम केलं. आण्णांना फोन करून सांगितलं की या शनिवारी येऊ नका, दुकानात गर्दी आहे. पुढच्या शनिवारी, ऊन लई हाय. त्याच्या पुढं आणखी काही. केस जरा वाढले की बोलवू, असा तिचा हिशेब. आण्णा बिचारे बरं म्हणाले. शरणबसवही राहिला, कारण त्याला काढलं तर दिवसा बिरूजवळ बसायला दुसरं कुणी नव्हतं.

बिरूच्या बाजूनं काय झालं ते बघा. वस्तरा लागला. आणि शनिवारी आण्णा आले नाहीत. पुढच्या शनिवारीही नाहीत.

तो उंबऱ्यावर बसेनासा झाला. 'आण्णा येतो' बंद. संध्याकाळी फोन वाजला की कान झाकून ओरडायचा. एकदा पूनमनं फोन त्याच्या कानाला लावला, आण्णांचा आवाज आला, आणि त्यानं फोन भिंतीवर आपटला. आण्णांचं घोंगडं त्यानं खुंटीवरून काढून कचऱ्याच्या डब्याजवळ नेऊन ठेवलं. गुरम्मानं परत आणून दिलं, त्यानं परत ठेवलं. स्वतः जेवेनासा झाला, रात्री पूनमनं पुढं केलेलं दूध तेवढं पोटात जायचं. ताटातली अख्खी भाकरी उचलायचा आणि अंगणाच्या भिंतीवर नेऊन ठेवायचा. कावळे यायचे.

शरणबसवनं त्याचा फोटो काढला. केंद्रानं तो आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली फुलं आणि बदाम: 'बिरुदेव आता पक्ष्यांना प्रेमानं खाऊ घालतो. आमच्या सेवेचं हे फळ.' शंभर लोकांनी अंगठे दाखवले. आणि ज्याचा संताप तिला आजही येतो ते हे, की त्या अंगठ्यांत एक पूनमचाही होता.

मग फोन फोडल्याचं आणि ओरडण्याचं साहेबांच्या कानावर गेलं. त्यांनी फोनवरून कुण्या डॉक्टरला विचारलं आणि शरणबसवच्या हाती गोळ्या पाठवल्या. बिरू बसल्या जागी लाळ गाळायला लागला. पूनमनं पाकीट हुडकून काढून गटारात टाकलं. त्यावर केंद्राचा निरोप आला की पेशंट आता घरात सांभाळण्यासारखा राहिलेला नाही, शहराबाहेर आमचं निवासी केंद्र आहे, तिथं आणून सोडा. तिथं म्हणजे कुठं, हे पूनम एकदा पाहून आली होती. जाळीचं दार, बाहेरून कडी, आणि आत ओळीनं खाटा. तिथं गेलेलं माणूस शनिवार ओळखायचं विसरतं. भाऊ तिथं जाऊ द्यायचा नाही, एवढं तिचं पक्कं होतं. पण नोकरी सोडली तर खायचं काय, आणि बिरू असाच उपाशी राहिला तर तो तरी किती दिवस राहील, यापुढं तिची मती चालत नव्हती.

त्या शनिवारी ती घरीच राहिली. दुपारी बिरूनं भाकरी उचलली, भिंतीवर ठेवली. पूनम दारातून बघत होती. भाकरी ठेवून तो दोन पावलं मागं सरला. हात जोडले. कावळा उतरेपर्यंत तसाच उभा राहिला आणि मग मागं न बघता घरात आला.

पूनम भिंतीला टेकून खाली बसली.

"बिरू, भाकरी कुणाला?"

बिरूनं आपल्या डोक्यावरून हात फिरवला. "आण्णा न्हाय," तो म्हणाला.

तिनं नानापरीनं सांगितलं, आण्णा हायत, गावाला हायत, मीच येऊ नका म्हटलं. पण ते ती सांगत होती, आणि केस काढले की माणूस परत येत नाही हे खुद्द आण्णांनी सांगितलं होतं. बिरूनं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. महिना झाला होता, तिचा भाऊ बापाचं सुतक पाळत होता. एकटा. सगळ्या घरादारात त्याच्या सांत्वनाला एक माणूस आलं नाही, उलट त्याला गोळ्या दिल्या. तिला शरणबसवचा राग आला, केंद्राचा आला, आणि आण्णांना येऊ नका म्हणणाऱ्या आपल्या जिभेचा सगळ्यांत जास्त आला.

तिनं आण्णांना फोन लावून सगळं सांगितलं, बिरूला गुरम्मावर सोपवलं आणि तशीच चप्पल घालून केंद्राच्या ऑफिसात गेली. साहेबांचं नाव संगमेश. थंडगार केबिन, टेबलावर गणपती. त्यांनी पाणी मागवलं, शांतपणे ऐकून घेतलं, हातातलं पेन दोनदा उघडलं आणि मिटलं. म्हणाले की तुमच्या भावना आम्ही समजू शकतो, स्टाफला परत ट्रेनिंग देऊ, पण पेशंटच्या मनात काय चाललंय हे आम्हाला कसं कळणार. पूनम म्हणाली, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, डोक्याला हात लावू नका. त्यावर संगमेश हसले. लहान मुलाची समजूत काढताना हसतात तसे.

"मॅडम, केसच आहेत हो ते," ते म्हणाले. "केस काय, परत येतात."

पूनमनं टेबलावरचं पाणी प्यायलं नाही. तुमचा माणूस उद्यापासून माझ्या दारात दिसता कामा नये, एवढं म्हणून ती बाहेर आली. सात रस्त्याच्या रहदारीत ती किती वेळ उभी राहिली, तिचं तिला कळलं नाही.

आण्णांनी मेंढरं भावकीतल्या एकाच्या हवाली केली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आले. डोक्याला पटका, खांद्यावर पिशवी, नेहमीसारखे. बिरू नुकतीच भाकरी ठेवून हात जोडून उभा होता. फाटकात आण्णांना पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. कान झाकून तो घरात पळाला, कॉटखाली शिरला. पूनम त्याला ओढून काढायला निघाली तेव्हा आण्णांनी तिला हातानंच थांबवलं. बुजलेल्या कोकरामागं धावत नाहीत. ते फाटकाच्या आत आलेच नाहीत. भिंतीपलीकडच्या दगडावर बसले, पटका सोडून मांडीवर ठेवला, आणि भिंतीवरची भाकरी उचलून खायला लागले.

गुरम्मा दारात होती, ती हादरली. कावळ्याचा घास जिवंत माणसानं खाऊ नये, अपशकुन असतो, उठा आधी, म्हणाली. आण्णा चावत राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाजात मात्र जाळ होता.

"जित्या माणसाचं पिंड घातलंय पोरानं," ते म्हणाले. "मी न्हाय खायाचं तर कुणी खायाचं?"

खिडकीच्या गजांतून बिरू बघत होता.

दुसऱ्या दिवशीही त्यानं भाकरी ठेवली आणि आण्णांनी ती खाल्ली. तिसऱ्या दिवशीही तेच. आण्णा गुरम्माच्या ओसरीत झोपायचे आणि दुपारी दगडावर येऊन बसायचे. बोळातले कावळे कावून गेले. पूनमनं दुकानातून रजा घेतली होती. शेठ कुरकुरत होते, आणि तीही त्यांना आता गोड बोलत नव्हती. आण्णा बिरूला हाक मारत नव्हते, जवळ जात नव्हते. रोज त्याच्या डोळ्यांदेखत भाकरी खायची, तांब्याभर पाणी प्यायचं, बसून राहायचं. कॉटखालून बिरू खिडकीशी आला, खिडकीतून दाराशी, आणि हळूहळू भाकरी ठेवल्यावर मागं फिरायचा तो फिरेनासा झाला. उभा राहून बघायचा.

एका दुपारी त्यानं भाकरी भिंतीवर ठेवलीच नाही. फाटक उघडून तो बाहेर गेला आणि ती आण्णांच्या हातात दिली. मग आपल्या डोक्यावरून तळहात फिरवला. केस चांगले हाताला लागण्याइतके वाढले होते. तोच हात त्यानं आण्णांच्या दाढीवरून फिरवला, नाकावरून, डोळ्यांवरून.

"केस आलं," बिरू म्हणाला. "आण्णा आला."

आण्णांनी त्याला पोटाशी धरलं. त्याला कुणी कवटाळलेलं चालत नाही, पण त्या दिवशी चाललं. गुरम्मानं बोळभर साखर वाटली. बिरू कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला, आपल्या कोपऱ्यात, अख्खी भाकरी. आण्णांनी घोंगडं परत खुंटीला अडकवलं. पूनमला वाटलं, सुटलो. निवासी केंद्राची जाळी डोळ्यांसमोरून गेली, आणि त्या आनंदात शेजारणीशी ती चक्क हसून बोलली.

जेवण झाल्यावर बिरू उठला. फडताळातून त्यानं आणखी एक ताट काढलं, पुसलं, त्यात एक भाकरी ठेवली, न मोडता. ते ताट त्यानं चुलीच्या अंगाला, रिकाम्या जागेपुढं मांडलं. मग जाऊन उंबऱ्यावर बसला, शनिवारी बसतो तसा, बोळाच्या तोंडाकडं बघत.

पूनमला नवल वाटलं. आण्णा तर घरातच होते. "कुणाची वाट बघतूस रं?" तिनं विचारलं.

बिरूनं डोक्यावरून हात फिरवला. आई गेल्यापासून जो चेहरा कुणी पाहिला नव्हता, तो त्याचा झाला होता. उजळ, निर्धास्त.

"आई येती," तो म्हणाला.

पूनमनं आण्णांकडं पाहिलं. दोन वर्षांपूर्वी ओढ्याकाठी त्यांना एक वाक्य सापडलं होतं, आणि बिरूनं ते जपून ठेवलं होतं. ते वाक्य आता खोटं ठरलं होतं. दुसरं त्यांच्याजवळ नव्हतं. पूनमनं फोन उचलला. संगमेशसाहेब मीटिंगमध्ये आहेत, असं एक मुलगी म्हणाली. पूनम म्हणाली, मी थांबते. ती थांबली. शेवटी साहेब फोनवर आले आणि त्यांनी विचारलं की काय मॅडम, भाऊ कसा आहे, केस आले का.

"आलं," पूनम म्हणाली. "तुमी म्हणाला व्हता तसंच, परत आलं. आता तुमी या. हितं माझ्या उंबऱ्यावर बसा, आणि आई येणार न्हाय, हे तुमी सांगा त्याला."

पूनमनं फोन कानाला तसाच धरला होता. बिरू उंबऱ्यावर जरा सरकून बसला, येणाऱ्याला आत यायला वाट राहावी म्हणून.